नदीच्या तळावरचं 'शेवाळ' मोजताना: आर्क्टिक नदीतल्या मॉस आणि शैवालाची वर्षानुवर्षांची नोंद

मराठीत ओल्या दगडावर जे जे हिरवं आणि निसरडं दिसतं, ते सगळं शेवाळ. पाय घसरू नये म्हणून सावध करायला तो शब्द पुरतो. पण नदीच्या तळावर काय उगवतं याची वीस-तीस वर्षं नोंद ठेवायची असेल, तर पहिल्याच दिवशी त्याची वाटणी करावी लागते. एका बाजूला शैवाल: डायाटम या एकपेशी सूक्ष्म शैवालाचा तपकिरी बुळबुळीत थर, हिरवे तंतू, जेलीसारखे गोळे. हे दोन-तीन आठवड्यांत वाढतं आणि एका पुरात धुऊन जातं. दुसऱ्या बाजूला मॉस: खोड-पानं असलेली, दगडाला घट्ट धरून बसणारी, बर्फाखाली हिवाळा काढून पुन्हा वाढणारी वनस्पती. एकाचा हिशोब आठवड्यांत होतो, दुसऱ्याचा दशकांत. दोन्ही एकाच रकान्यात टाकले की नोंदीतून काहीच हाती लागत नाही.

अलास्काच्या उत्तर उतारावरची कुपारुक नदी हे याचं ठळक उदाहरण. ब्रूक्स पर्वतरांगेच्या पायथ्याशी उगम, उत्तरेला आर्क्टिक महासागराकडे प्रवाह, हिमनदीचं गढूळ पाणी नाही, तळ स्वच्छ दिसतो. टूलिक संशोधन केंद्राजवळच्या पट्ट्यात १९८३पासून दर उन्हाळ्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल, म्हणजे फॉस्फरसचं खत, सोडायला सुरुवात झाली. लक्ष्य होतं लिटरमागे १० मायक्रोग्रॅम फॉस्फरसची वाढ. आधी डायाटम वाढले, मग त्यांच्यावर चरणारे किडे वाढले, मासेही अधिक वाढले. गोष्ट इथेच संपली असं कुणालाही वाटलं असतं. पण साधारण आठ वर्षांनी, आधी क्वचितच दिसणाऱ्या हायग्रोहिप्नम जातीच्या मॉसने खळाळांचा तळ व्यापायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर तळावरच्या किड्यांचं गणितही बदललं. चार-पाच वर्षांचा प्रकल्प असता तर अहवालात मॉसचं नावही आलं नसतं.

म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच हट्ट आहे. एखाद्या वर्षीचा आकडा जरा ढोबळ असला तरी चालेल, पण तो मागच्या आणि पुढच्या वर्षाच्या आकड्याशी लावून बघता आला पाहिजे.

जागा आणि खुणा

निदान दोन टप्पे घ्या: वरच्या अंगाला संदर्भ टप्पा, जिथे काही ढवळाढवळ नाही, खाली परिणामाचा टप्पा. परिणाम खताचा असो, वितळत्या पर्माफ्रॉस्टमुळे (वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीमुळे) खचलेल्या काठाचा असो, की रस्त्यावरून येणाऱ्या धुळीचा. प्रत्येक टप्प्यात निदान चार खळाळ निवडा. खळाळ म्हणजे गोट्यांवरून खळखळत जाणारा उथळ पट्टा. डोहही घ्यायचे असतील तर त्यांची नोंद वेगळी ठेवा. मॉसला हलणारा दगड चालत नाही, म्हणून ते मोठ्या, स्थिर धोंड्यांवर, खळाळातच जास्त असतं. डोह आणि खळाळ यांची सरासरी काढली की दोन्हीकडचं खरं चित्र पुसलं जातं.

पात्रात सळया ठोकू नका. हिवाळ्यात अशी नदी बऱ्याच ठिकाणी तळापर्यंत गोठते आणि मे अखेरीस-जूनमध्ये बर्फ फुटताना पात्रातलं सगळं उपटून नेते. सळया काठावर, पुराच्या रेषेच्या दोन मीटर मागे, दोन्ही तीरांना. तिथेही जमीन गोठते-वितळते तशी सळई वर ढकलली जाते. पाच-सहा वर्षांत ती तिरकी झालेली किंवा गवतात आडवी पडलेली सापडते. म्हणून प्रत्येक सळईपासून तीन पक्क्या गोष्टींपर्यंतची अंतरं सेंटिमीटरमध्ये आणि होकायंत्राचा कोन लिहून ठेवा. न हलणारा मोठा खडक, दुसरी सळई, समोरच्या तीरावरची सळई असं काहीही चालतं. हातातल्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते. तेवढ्यात तुम्ही खळाळ सोडून डोहात पोहोचाल. जीपीएस जागेपर्यंत नेण्यासाठी, टेप जागा ठरवण्यासाठी. समोरच्या तीराचा फोटो दर वर्षी त्याच सळईवर उभं राहून काढा.

पाहणीची बादली

पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा आणि आकाशाची चमक असते, त्यामुळे वरून बघून अंदाज करणं बाद. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची बादली घ्या, तळ कापून टाका, त्या जागी ५ ते ६ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची चकती सिलिकॉन सीलंटने बसवा. सीलंट पूर्ण सुकायला निदान २४ तास द्या. घाई केली की पहिल्याच दिवशी बादलीत पाणी.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो बहुतेक जण गाळतात: वाचायचा नेमका बिंदू दाखवणारी फुली एक नको, दोन हव्यात. एक अ‍ॅक्रिलिकवर टोकदार सुईने कोरलेली, दुसरी बादलीच्या तोंडाजवळ, बारीक तारेची किंवा मासेमारीच्या दोऱ्याची, बरोब्बर खालच्या फुलीच्या वर. दोन्ही फुल्या एकावर एक दिसतील तेव्हाच वाचायचं. एकच फुली असेल तर डोकं जरा हलवलं की खालचा बिंदू काही सेंटिमीटर सरकतो, आणि माणसाची नजर आपसूक हिरव्याकडे जाते. राखाडी दगडावर पडलेली फुली आणि शेजारचा मॉसचा गुच्छ यांत कुणीही नकळत गुच्छ निवडतं. हा घोटाळा थकव्यामुळे संध्याकाळी जास्त होतो, म्हणजे एकाच दिवसात सकाळची आणि संध्याकाळची नदी वेगळी दिसू लागते.

दोन बारीक गोष्टी. बादली टेकवताना काचेखाली हवेचे बुडबुडे अडकतात. वरच्या अंगाला थोडी कलती करून बुडवली की ते निघून जातात. आणि तिथल्या डासांमुळे सगळे डीट असलेलं मलम फासतात. त्या हातांनी अ‍ॅक्रिलिकला शिवलं तर ते हळूहळू पांढुरकं आणि चिरटलेलं होतं. बादली धरणाऱ्याने मलम मनगटाच्या वरच लावावं. ध्रुवीकृत चष्मा वापरत असाल तर बादलीत बघताना काढा. प्लास्टिकमधून कधीकधी इंद्रधनुषी पट्टे दिसतात आणि रंग ओळखण्यात गोंधळ होतो.

रेषा आणि बिंदू

प्रत्येक खळाळात पाच आडव्या रेषा, प्रत्येक रेषेवर २० बिंदू, असे शंभर बिंदू. चार खळाळांचे चारशे. दोन माणसांना एका खळाळाला दीड-दोन तास लागतात. पाणी थंड असल्याने त्याहून जास्त वेळ नेमकेपणा टिकत नाही.

टेपचं शून्य सळईवर ठेवा, पाण्याच्या कडेवर नको. पाण्याची कड रोज हलते, सळई नाही. पट्टा १५ मीटर रुंद असेल तर बिंदू ७५ सेंटिमीटरवर. पहिला बिंदू कुठे घ्यायचा ते दर वर्षी ० ते ७५ सेंटिमीटरमधला एक आकडा चिठ्ठीने काढून ठरवा आणि वहीत लिहा. रेषा तीच, बिंदू नवे. अगदी तेच बिंदू दर वर्षी घेतले तर तुमच्याच बुटांनी तुडवलेली जागा मोजली जाते.

चाल खालून वर ठेवा: सगळ्यात खालची रेषा आधी, मग वरची. टेपच्या खालच्या बाजूला उभं राहायचं. उलट केलंत तर उडालेला गाळ पुढच्या बिंदूवर येऊन बसतो. टप्प्यांचा क्रम मात्र उलटा: आधी संदर्भ टप्पा, मग परिणामाचा. मॉसचा तुकडा बुटाच्या खाचेत अडकून दुसरीकडे रुजू शकतो, आणि संदर्भ टप्प्यात हायग्रोहिप्नम आपणच नेऊन सोडलं तर त्यानंतरच्या सगळ्या वर्षांचा खेळ संपला. दिवसाअखेर बूट घासा, पूर्ण वाळू द्या.

प्रत्येक बिंदूला तीन गोष्टी लिहायच्या: वरचा थर, खालचा थर, खालचा दगड. वर हिरवे तंतू आणि त्याखाली मॉस असेल तर दोन्ही. एकच नोंद घेणाऱ्या पद्धतीत तंतूंचा बहर आलेल्या वर्षी मॉस 'घटतं' आणि पुढच्या वर्षी 'परत येतं'. प्रत्यक्षात ते जागचं हललेलंही नसतं. दगडाचा आकार ढोबळ चालेल: वाळू २ मिलिमीटरपर्यंत, खडी ६४ मिलिमीटरपर्यंत, गोटा २५६पर्यंत, त्यापुढे धोंडा.

बिंदू कोरडा असेल तर 'कोरडा' लिहा. खोल किंवा गढूळ असल्याने दिसत नसेल तर 'दिसत नाही'. रिकामी जागा कधीही सोडू नका. घरी बसून ती रिकामी जागा शून्य होती की विसरली होती, हे कुणालाच सांगता येत नाही. आच्छादनाच्या, म्हणजे एखादी जात किती बिंदूंवर सापडली याच्या, टक्केवारी दोन काढायच्या: ओल्या बिंदूंपैकी किती, आणि पूर्ण पात्रातल्या बिंदूंपैकी किती. कोरड्या उन्हाळ्यात कडेचे उघडे दगड बाहेर राहतात आणि पहिली टक्केवारी फुगते, दुसरी नाही.

शंभर बिंदूंत आच्छादन २० टक्के आलं तर नुसत्या योगायोगाची चूक साधारण ८ टक्के अधिक-उणे. चारशेत ४ टक्के. हेही बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं मानून. मॉस ठिगळांनी वाढतं, त्यामुळे खरी चूक याहून मोठी असते. विश्लेषणात एकक खळाळ धरा, बिंदू नव्हे. चारशे बिंदू म्हणजे चारशे नमुने नाहीत, चार आहेत.

आणि शून्याचा अर्थ नीट समजून घ्या. शंभर बिंदूंत एखादी जात एकदाही आली नाही, तरी ती ३ टक्क्यांपर्यंत असू शकते. चारशेत पाऊण टक्क्यापर्यंत. नवी जात नदीत शिरते तेव्हा ती नेमकी याच अंधारात असते. म्हणून प्रत्येक खळाळात मोजणीनंतर घड्याळ लावून १० मिनिटं नुसतं शोधत फिरा, आणि बिंदूंवर न आलेल्या जातींची 'आहे' एवढी नोंद करा. हायग्रोहिप्नमसारखी जात आच्छादनाच्या आलेखावर चढायच्या काही वर्षं आधी इथे दिसेल.

काय दिसलं, ते ओळखणं

शिस्टिडियम अगासिझी: काळपट, आखूड, ताठर गुच्छ, बहुधा मोठ्या धोंड्यांच्या माथ्यावर. उघडं पडून वाळलं तरी टिकतं. दुरून ते दगडावरच्या काळ्या डागासारखं दिसतं, आणि नवखा माणूस 'उघडा दगड' लिहून मोकळा होतो. शंका आली की नखाने उचकटून बघा: डाग खरवडला जातो किंवा तसाच राहतो, मॉसचा गुच्छ उचलला जातो आणि त्यात आखूड काड्या दिसतात. पानाला एकच ठळक मध्यशीर असते.

हायग्रोहिप्नम (कुपारुकमध्ये ओक्रेशियम आणि अल्पिनम): मऊ, लोळणारे गालिचे, उजळ हिरव्यापासून सोनेरी-पिवळटापर्यंत. मध्यशीर आखूड, दुभागलेली किंवा नसल्यात जमा. दोन जाती सूक्ष्मदर्शकाशिवाय वेगळ्या करायच्या नाहीत. ओक्रेशियमच्या खोडाच्या आडव्या छेदात सर्वांत बाहेर मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशींचा थर दिसतो. नदीत उभं राहून 'हायग्रोहिप्नम' एवढंच लिहा. आत्मविश्वासाने लिहिलेलं जातीचं नाव नंतर दुरुस्त करता येत नाही.

फॉन्टिनॅलिस: बुडाशीच चिकटलेलं, बाकी सगळं प्रवाहात लांब लोंबणारं, पानं तीन ओळींत, मध्यशीर नाही. लोंबणारं टोक फुलीखाली आलं तरी बिंदू त्याचाच. पण बूड दुसऱ्या दगडावर असेल तर खालच्या थरात फुलीखालचा दगड लिहा.

लेमानिया हे लाल शैवाल, पण नावावर जाऊ नका: ऑलिव्ह-काळे, गाठी-गाठींचे ताठ धागे, जोरदार प्रवाहात. हाताला घोड्याच्या केसासारखे लागतात. मॉस समजण्याची चूक सर्वांत जास्त याच्याच बाबतीत होते. धागा चिमटीत धरून बघा: पानं नसतील तर मॉस नाही.

हायड्रुरस तपकिरी, पिसासारखा, बुळबुळीत, आणि वास घाणेरडा. जातीचं नावच फीटिडस, म्हणजे दुर्गंधी. पाणी फार थंड असताना दिसतो, उन्हाळा चढला की नाहीसा होतो. जुलैच्या शेवटी तो नसणं म्हणजे नदी बदलली असं नव्हे. युलोथ्रिक्स रेशमी हिरवे तंतू, टेट्रास्पोरा हिरवी जेलीची पिशवी, नॉस्टॉक घट्ट जेलीचे गोळे किंवा कानासारख्या पाकळ्या. डायाटमचा थर बोटाने पुसला तर मागे स्वच्छ रेघ उमटते. रेघ उमटली तरच 'डायाटम थर', नाहीतर 'उघडा दगड'.

मॉसवर गाळ बसलेला असेल तर त्यावर हात हलवून पाण्याचा झोत द्या, गाळ उडाल्यावर वाचा आणि शेजारी 'गाळ' अशी खूण करा. तपकिरी, मेल्यासारखं दिसणारं मॉसही मॉसच, खूण वेगळी. बरेचदा टोकाकडून ते पुन्हा हिरवं होतं.

प्रत्येक बिंदूला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको. त्यात ठरलं नाही तर 'अनोळखी १' असा क्रमांक द्या, चिमूटभर नमुना पिशवीत टाका, पिशवीवर तोच क्रमांक. मॉसचे नमुने कागदी पाकिटात नुसते वाळवले की पुरे. ते दशकानुदशकं टिकतात. शैवाल मात्र लुगॉल आयोडीनच्या थेंबांत, अंधारात. दर पाच वर्षांनी प्रत्येक जातीचं एक वाळवलेलं पाकीट वनस्पतीसंग्रहालयात द्या. कारण नावं बदलतात: हायग्रोहिप्नम ओक्रेशियमला आता बऱ्याच याद्यांत हायग्रोहिप्नेला ओक्रेशिया म्हणतात. पाकीट हाताशी असलं की नावाचा वाद दोन मिनिटांत मिटतो.

हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या निरीक्षकांनी एकमेकांना न दाखवता तेच ५० बिंदू वाचायचे, मग ताडून बघायचे. दहापैकी नऊ बिंदूंवर एकमत होईपर्यंत खरी मोजणी सुरू करू नका. कुठे फाटतंय ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा शिस्टिडियम विरुद्ध काळा दगड, किंवा पातळ डायाटम थर विरुद्ध उघडा दगड यावरच फाटतं. जुना निरीक्षक जाणार असेल तर नव्याबरोबर एक पूर्ण खळाळ दोघांनी स्वतंत्रपणे वाचा आणि दोन्ही नोंदी जपा. आलेखावर एखाद्या वर्षी उडी दिसली तर ती नदीची की माणसाची, हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो.

कधी मोजायचं

जुलैचा शेवट ते ऑगस्टचा पूर्वार्ध, दर वर्षी त्याच दहा-बारा दिवसांच्या खिडकीत. जूनच्या सुरुवातीला वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं. सप्टेंबरमध्ये कडेला बर्फ धरू लागतो. पावसाचा पूर येऊन गेला तर निदान आठवडाभर थांबा. पुरात तंतू आणि डायाटम खरवडून जातात, मॉस जवळपास तसंच राहतं. पुराच्या दुसऱ्या दिवशी मोजलंत तर शैवालाचा आकडा पुराचा असतो, नदीचा नाही. थांबणं शक्य नसेल तर मोजा, पण शेवटच्या पुराची तारीख आणि विसर्ग शेजारी लिहा.

जुलैच्या बऱ्याच भागात तिथे सूर्य मावळत नाही, म्हणून रात्री अकराला मोजायचा मोह होतो. तिरप्या उन्हात पाण्याखालचे रंग पिवळट दिसतात. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ धरा, आणि बादलीवर आपली सावली पडेल असं उभं राहा.

पाण्यात उतरण्याआधी खोली आणि वेग यांचा गुणाकार करा: मीटर गुणिले मीटर प्रतिसेकंद. ०.९च्या वर गेला तर उतरायचं नाही. कमरपट्टा घट्ट, दुसरा माणूस काठावर, नजर अस्वलांवर.

घासणी आणि वजन

आच्छादनाची टक्केवारी जाडी सांगत नाही. शैवालाची जाडी क्लोरोफिल-ए या हिरव्या रंगद्रव्यावरून, मॉसची वजनावरून. दोन्ही वेगवेगळ्या दगडांवरून घ्या. मॉस असलेला दगड घासला तर मॉसचं क्लोरोफिल शैवालाच्या खात्यात जमा होतं. मॉसचे दगड टाळून घासलं आणि ते लिहिलं नाही, तर मॉस वाढत जाईल तशी तुमची घासणी नदीच्या आक्रसत जाणाऱ्या भागाचंच प्रतिनिधित्व करते. टाळा, पण टाळलेल्या दगडांची संख्या लिहा.

प्रत्येक खळाळातून सहा दगड. ५ × ५ सेंटिमीटरची चौकट ठेवून त्याबाहेरचं आधी पुसा, मग आतलं ताठ ब्रशने घासून ताटलीत धुवा. एकूण पाणी मोजा, ढवळत ढवळत ठरावीक भाग काचतंतूंच्या गाळणीतून (जीएफ/एफ) ओढा, गाळणी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, लगेच थंडीत, मग उणे २० अंशांवर. पुढे ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये २४ तास, थंड आणि अंधारात. फ्लुरोमीटरवर (रंगद्रव्याची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) आम्ल घालण्याआधी आणि घातल्यानंतर, म्हणजे मेलेलं रंगद्रव्य वजा करता येतं. हिशोब असा: १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये लिटरमागे १५० मायक्रोग्रॅम आलं, तर गाळणीवर १.५ मायक्रोग्रॅम. ३०० मिलिलिटरपैकी २० गाळले असतील तर पंधरापट, २२.५. क्षेत्र ०.००२५ चौरस मीटर, म्हणून ९,००० मायक्रोग्रॅम, अर्थात चौरस मीटरमागे ९ मिलिग्रॅम. इथली नेहमीची चूक म्हणजे न ढवळता वरचं पाणी गाळणं; डायाटम तळाशी बसलेले असतात आणि आकडा निम्म्यावर येतो.

मॉसचे तुकडे १० × १० सेंटिमीटरचे, आणि मोजणीच्या रेषांपासून दूर. कापलेली जागा भरायला वर्षं लागतात. ताटलीत धुवा, किडे वेगळे काढून किड्यांचा अभ्यास करणाऱ्या गटाला द्या, ६० अंशांवर ४८ तास वाळवून वजन, मग ५०० अंशांवर चार तास जाळून राखेचं वजन. फरक म्हणजे सेंद्रिय भाग. नुसत्या कोरड्या वजनावर विसंबू नका. मॉसच्या गालिच्यात गाळ इतका अडकलेला असतो की वजनाचा मोठा वाटा वाळूचाच निघतो.

सोबत पाण्याचा विसर्ग, तापमान आणि विरघळलेला फॉस्फेट. संदर्भ टप्प्यातला फॉस्फेट मोजयंत्राच्या तळमर्यादेजवळ असतो. बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या हव्यात, साबण वर्ज्य, बाटलीच्या तोंडात बोट घालायचं नाही. खत सोडण्याचा प्रयोग असेल तर पंपाचा दर विसर्गाबरोबर बदलला पाहिजे. सेकंदाला २ घनमीटर पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम म्हणजे दिवसाला १.७ किलो फॉस्फरस, म्हणजे ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेमतेम ४ लिटर. पूर आला आणि पंप तसाच राहिला, तर खताचा टप्पा त्या दिवसांपुरता संदर्भ टप्पाच झाला.

वही, आणि पद्धत बदलायची वेळ

पाण्यात न भिजणारा कागद आणि पेन्सिल. त्याच संध्याकाळी पानांचे फोटो. संगणकात एका बिंदूला एक ओळ: तारीख, टप्पा, खळाळ, रेषा, टेपवरचं अंतर, खोली, वरचा थर, खालचा थर, दगड, निरीक्षक, शेरा. टक्केवारी साठवू नका. ती कधीही काढता येते. उलट टक्केवारीवरून बिंदू परत मिळत नाहीत, आणि वीस वर्षांनी कुणाला 'वाळूवरचे बिंदू सोडून बघू' असं वाटलं तर बिंदूच लागतात. नोंदीत वापरलेल्या संकेतांची यादी फाइलच्या शेजारीच ठेवा, आणि एखादा संकेत दोन भागांत फोडला तर जुना पुन्हा वापरू नका.

कधीतरी कुणीतरी म्हणेलच की बादली सोडा, फोटो काढू, ड्रोन उडवू. फोटोला विरोध नाही. चौकटीचे फोटो दर वर्षी घ्यावेतच. पण फोटोत खालचा थर दिसत नाही आणि शिस्टिडियम सावलीत हरवतं. बदल करायचाच असेल तर दोन्ही पद्धती त्याच खळाळांत, त्याच दिवशी, निदान तीन उन्हाळे सोबत चालवा. तीन यासाठी की एक कोरडा, एक पुराचा आणि एक बेताचा उन्हाळा मिळण्याची थोडी तरी शक्यता राहते. पैसे संपल्याने एखादं वर्ष गाळावं लागलं तर संपूर्ण वर्ष गाळा. अर्ध्याच खळाळांची घाईची मोजणी सरासरीत घुसली की ती बाहेर काढणं अवघड.

हंगाम संपताना बादलीची चकती मऊ फडक्यात गुंडाळा, वरच्या फुलीचा दोरा नवा बांधा, सळयांची अंतरं पुन्हा मोजून मागच्या वर्षीशी ताडा. टेपचं पहिलं टोक तपासा. कडी तुटून दहा सेंटिमीटर गेलेले टेप पेटीत हमखास सापडतात, आणि पुढच्या वर्षी येणारा माणूस तोच घेऊन सळईवर 'शून्य' धरतो. असा टेप लाल चिकटपट्टी लावून ठेवू नका, सरळ फेकून द्या.